प्लस एक, भानगडी अनेक!

पावसाळा लागला की कोल्हापूरकरांचा एक डोळा राजाराम बंधाऱ्यावर. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे इथं शाळकरी पोरांनाही पाठ! आता समजा, तुम्ही जावास्क्रिप्टमध्ये पाणीपातळीचं एक पिटुकलं अ‍ॅप केलंत. चौकटीत ४३ टाइप केलं, त्यात १ मिळवला. उत्तर? ४३१! पंचगंगा थेट पन्हाळ्याच्या वाटेला लागली की राव!

माहीत आहे का, हे कशामुळे? चौकटीतून आलेलं ४३ हा आकडा नव्हताच, ती होती अक्षरांची माळ, म्हणजे स्ट्रिंग. जावास्क्रिप्टचा '+' आकड्यांची बेरीज करतो आणि स्ट्रिंगची जोडाजोडही. आता त्याच ४३ मधून १ वजा करून बघा. बरोब्बर ४२! '-' ला हा जोडधंदा नाही ना!

एकाच चिन्हावर अनेक कामं टाकणं म्हणजे ऑपरेटर ओव्हरलोडिंग. आणि प्रोग्रॅम चालायच्या आधी 'कोण कुणात मिळवतंय रे?' असं दरडावून विचारतो तो टाइप चेकर. (टाइप म्हणजे मालाची जात: आकडा, स्ट्रिंग वगैरे.) फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या (सगळं काम फंक्शनांवर सोपवणाऱ्या भाषांच्या) दुनियेत या दोघांची जुंपलेली कुस्ती अजून सुटलेली नाही. चला, रिंगणाजवळ बसून बघू!

लव्हलेटरवाल्यानं केलं बारसं

'+' सारख्या बहुरूप्याला शास्त्रीय नाव कुणी दिलं, माहीत आहे का? क्रिस्टोफर स्ट्रेची या ब्रिटिश अवलियानं. १९६७ मध्ये कोपनहेगनच्या समर स्कूलमध्ये त्यानं पॉलिमॉर्फिझमचे, म्हणजे बहुरूपीपणाचे, दोन प्रकार सांगितले. पॅरामेट्रिक, म्हणजे कुठल्याही टाइपला एकच रेसिपी. आणि अ‍ॅड हॉक, म्हणजे टाइप बदलला की रेसिपीच वेगळी. यादीची लांबी मोजणं पहिल्या प्रकारात, आपला प्लस दुसऱ्यात.

गंमत म्हणजे ही गाजलेली व्याख्यानं जर्नलमध्ये छापून आली २००० साली. तब्बल ३३ वर्षांनी! स्ट्रेची तर १९७५ मध्येच गेला होता.

आणि हाच तो माणूस, ज्यानं १९५२ मध्ये मँचेस्टरच्या कॉम्प्युटरकडून प्रेमपत्रं लिहून घेतली होती. चॅटबॉटवाल्यांनो, रांगेत मागं उभे राहा!

कोल्हापूर कनेक्शन? आहे की!

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. केंब्रिजमध्ये त्यांनी पीएचडी पुरी केली १९६३ मध्ये. त्याच सुमारास त्याच केंब्रिजमध्ये स्ट्रेची सीपीएल नावाची भाषा घडवत होता. सीपीएलपासून बीसीपीएल, तिच्यापासून बी आणि बीपासून सी. म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला घाम फोडणाऱ्या सी-ची पणजी तिथंच जन्मत होती. एकीकडे विश्वाची उत्पत्ती, दुसरीकडे सी-ची!

टिकली लावलेला प्लस

ओकॅमल या भाषेत पूर्णांकांची बेरीज '+' नं होते. दशांश अपूर्णांकांची? '+.' नं! होय, प्लसपुढे चक्क एक टिंब. गुणाकारालाही '*.' आणि भागाकाराला '/.'. ओव्हरलोडिंगची कटकटच नको, प्रत्येक कामाला स्वतंत्र चिन्ह. दिसायला विचित्र, पण कंपायलर खूश: टिंब दिसलं की टाइप कळला.

तिची चुलत बहीण स्टँडर्ड एमएल जरा सैल. तिथं '+' दोन्हींना चालतो. पण 'एक्स अधिक एक्स' एवढंच लिहिलंत आणि एक्स कोण ते सांगितलं नाहीत, तर १९९७ च्या नियमांनुसार ती परस्पर ठरवते: पूर्णांकच असणार! अपूर्णांक घेऊन आलात तर दारातून परत.

आणि डेव्हिड टर्नरची मिरांडा? तिनं भांडणाचं मूळच उपटलं. सगळ्या आकड्यांना एकच टाइप, 'नम'. विषय संपला!

२४ फेब्रुवारीचा ईमेल

फंक्शनल जगातला बहुधा सर्वांत गाजलेला जुगाड एका ईमेलमधून आला, माहीत आहे का? साल १९८८. हॅस्केल ही नवी भाषा ठरवणाऱ्या कमिटीला फिलिप वॉडलरनं २४ फेब्रुवारीला मेल टाकला: टाइप क्लास आणू या. कमिटीनं फार खल न करता तो उचललासुद्धा! कल्पनेची ठिणगी पडली होती ती जो फॅसेल या सहकाऱ्याशी मारलेल्या गप्पांतून.

पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, वॉडलर आणि स्टीफन ब्लॉटचा पेपर आला. त्याच्या शीर्षकातच कोटी होती: अ‍ॅड हॉक प्रकार जरा कमी अ‍ॅड हॉक कसा करावा!

आयडिया काय? 'नम' हा एक क्लब. ज्या टाइपला बेरीज, गुणाकार वगैरे येतो त्यानं मेंबर व्हायचं. मेंबरशिपला म्हणतात इन्स्टन्स. प्रत्येक मेंबर आपापली 'बेरीज कशी करायची' ही पद्धत लिहून देतो. मग तुम्ही 'वर्ग काढ' असं फंक्शन लिहिलंत की कंपायलर त्याच्या हातात गुपचूप त्या पद्धतींचा तक्ता ठेवतो. या तक्त्याचं नाव डिक्शनरी. तुम्हाला दिसतो फक्त प्लस, आत चालू असते चिठ्ठीचपाटी!

हॅस्केलला 'ट्रू अधिक ट्रू किती?' विचारा. लगेच डाफरतो: बूलकडे (ट्रू-फॉल्सच्या टाइपकडे) नमचा इन्स्टन्स नाही! पण तुम्ही हट्टी असाल तर बूलला स्वतःच मेंबर करून घ्या, काही ओळींचं काम. मग तोच कंपायलर मुकाट बेरीज करतो.

बाय द वे, हे वॉडलर महाशय लेक्चर देताना शर्ट उघडतात आणि आत दिसतो सुपरमॅन-स्टाइल टी-शर्ट, छातीवर लॅम्डा. प्रोफेसर असावा तर असा!

एप्रिल फूल? नाय बा!

हॅस्केलच्या पहिल्या अधिकृत रिपोर्टवरची तारीख: १ एप्रिल १९९०. लोकांनी थट्टा समजली असती तरी चाललं असतं, पण भाषा खरीच निघाली.

नाव पडलं हॅस्केल करी या तर्कशास्त्रज्ञावरून. नाव ठेवायची परवानगी घ्यायला मंडळी त्यांच्या पत्नीकडे गेली. त्यांनी पाहुण्यांचं छान आगतस्वागत केलं, परवानगीही दिली आणि निघताना सांगितलं की ह्यांना स्वतःचं हे नाव कधी आवडलंच नव्हतं! आता करी यांच्या नावातल्या तिन्ही शब्दांच्या भाषा आहेत: हॅस्केल, ब्रुक आणि करी.

पाचसुद्धा ओव्हरलोडेड!

हॅस्केलमध्ये नुसतं ५ लिहिलंत तर त्याचा टाइप काय? पूर्णांक? चूक. अपूर्णांक? तेही चूक. उत्तर: 'नम क्लबातला कुणीही'! आजूबाजूचा कोड बघून पाच आपला वेश ठरवतो.

याहून भारी म्हणजे उत्तरावरून ओव्हरलोडिंग. 'रीड' हे फंक्शन स्ट्रिंग घेतं आणि तुम्हाला जे हवं ते देतं: इथं पूर्णांक, तिथं तारीख, पलीकडे यादी. इनपुट तेच, फक्त अपेक्षा वेगळी. सी++ आणि जावामध्ये फंक्शन ओव्हरलोड होतं ते आर्ग्युमेंटवरून. फक्त रिटर्न टाइप बदलून काम भागत नाही.

वजाबाकीची वाकडी वाट

हॅस्केलमध्ये '(+१)' म्हणजे 'एक मिळवणारं फंक्शन'. '(*२)' म्हणजे 'दुप्पट करणारं फंक्शन'. मग '(-१)' म्हणजे एक वजा करणारं फंक्शन? फसलात! ते आहे साधं उणे एक. '-' हा एकट्या आकड्यालाही लागणारा, हॅस्केलचा एकुलता एक युनरी ऑपरेटर, त्यामुळे त्याला ही ऐट. वजा करणारं फंक्शन हवं असेल तर 'सबट्रॅक्ट' असं पूर्ण नाव घेऊन बोलवावं लागतं.

आले, आले, थत्ते आले!

आता कॉलर ताठ करा. या सगळ्या इतिहासात एक चक्क मराठी आडनाव ठळक छापलंय, माहीत आहे का? सतीश थत्ते!

१९८८ मध्ये त्यांनी पार्शल टाइप्स मांडले. एमएलसारख्या भाषांत एका यादीत सगळे एकाच टाइपचे हवेत: आकडे तर आकडेच. थत्त्यांचा प्रश्न: एकाच यादीत आकडाही आणि ट्रू-फॉल्सही ठेवला, तरी कंपायलरला टाइप शोधता येईल का? पद्धत मिळाली, पण ती प्रत्येक वेळी थांबेलच याची खात्री नव्हती. हे कोडं सुटलं १९९२ मध्ये: ओकीफ आणि वँड या दुकलीनं दाखवलं की हो, उत्तर नेहमी काढता येतं. मग कोझेन, पाल्सबर्ग आणि श्वार्ट्झबाख या त्रिकूटानं ते झटपट काढायची रीतही दिली.

१९९० मध्ये थत्त्यांचा पुढचा डाव: क्वासी-स्टॅटिक टायपिंग. प्रोग्रॅमचे तीन गट करा. नक्की बरोबर, नक्की चूक आणि 'बघू या'. पहिला पास, दुसरा नापास, तिसऱ्यात जिथं शंका तिथं कंपायलरनंच चेकपोस्ट बसवायचं आणि प्रोग्रॅम चालताना तपासायचं. याच वाटेवर २००६ मध्ये सीक आणि ताहा यांनी ग्रॅज्युअल टायपिंग आणलं. आज टाइपस्क्रिप्टमध्ये अर्ध्या कोडला टाइप लावून उरलेला तसाच सोडता येतो ना? ही त्याच भावकीतली गोष्ट!

१९९० मध्येच थत्त्यांचा प्लसवरही हात. '१ + [३९, ४३]' लिहिलं तर उत्तर [४०, ४४] यावं, ही एपीएल भाषेतली ऐट टाइप चेकिंगच्या चौकटीत कशी बसवायची, यावर त्यांचा स्वतंत्र पेपर आहे. १९९४ मध्ये तर थेट टाइप क्लासच्याच अर्थावर त्यांनी लिहिलं. पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये जाऊन २००१ मध्ये एक्सलँग नावाची बिझनेस प्रोसेसची भाषा. थांबायचं नाव नाही!

आणि जातेगावकरही!

१९८८, स्नोबर्ड, युटा. लिस्प आणि फंक्शनल प्रोग्रॅमिंगची परिषद. पेपरवर दोन नावं: ललिता जातेगावकर आणि जॉन मिचेल.

मुद्दा साधा, पण कळीचा. समजा फंक्शनला हवंय फक्त 'नाव'. रेकॉर्डमध्ये नाव आहे, पत्ता आहे, शिवाजी पेठ की मंगळवार पेठ तेही आहे. जास्तीच्या रकान्यांमुळे काय बिघडलं? पण एमएल अडून बसायची: रेकॉर्डमध्ये नेमके कोणकोणते रकाने ते आधी सांगा! जातेगावकर-मिचेल जोडीनं ही अट सैल केली, आणि तीही टाइप चेकरची झोप न उडवता.

पुण्याचा पुगोफर

मार्क जोन्सनं १९९१ मध्ये गोफर नावाची हॅस्केलची छोटी भावंडभाषा काढली. पुणे विद्यापीठात शिकवणाऱ्या रुस्तम मोदी यांनी ती वर्गासाठी बदलून घेतली आणि नाव ठेवलं पुगोफर. पुण्यात आलेली वस्तू जशीच्या तशी वापरतील तर ते पुणेकर कसले! इकडे मूळ गोफरचं पुढे झालं हग्ज. म्हणजे 'मिठ्या'. टाइप चेकरला लोक शिव्या घालतात आणि हे मिठ्या मारतात!

राधानगरीचा दरवाजा आणि मंगळावरचा घोटाळा

पुराच्या बातम्या नीट वाचा. राजाराम बंधारा फुटांत, अलमट्टी मीटरमध्ये, विसर्ग क्युसेकमध्ये, साठा टीएमसीत. बहुतेक भाषांना हे सगळे नुसते आकडे. ४३ फुटांत ५१९ मीटर मिळवा, बिनदिक्कत ५६२ हातात देतील. ५६२ काय, ते विचारू नका!

एफ-शार्प या भाषेला विचारा. ती म्हणेल: एरर! अँड्र्यू केनेडीनं १९९६ मध्ये केंब्रिजला याच विषयावर पीएचडी केली आणि पुढे एफ-शार्पमध्ये 'युनिट्स ऑफ मेझर' आले. आकड्याबरोबर एककही टाइपमध्येच.

राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार करा: १२,३३,७९,२०० घनफूट, म्हणजे साधारण ०.१२ टीएमसी (अब्ज घनफूट). 'घनफूट प्रति सेकंद' गुणिले 'सेकंद' म्हणजे 'घनफूट', हे एफ-शार्प स्वतःच ताडते. आणि प्रोग्रॅम चालू होताना एककं गायब! तपासणी फुकट, वेगाला धक्का नाही.

२३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ हरवलं. कारण? एक टीम पाउंडात हिशेब देत होती, दुसरी तो न्यूटनमध्ये समजत होती. सुमारे साडेबारा कोटी डॉलरचं यान स्वाहा!

सहा ओळी, चारशे कोटी

एमएलमध्ये टाइप लिहावे लागत नाहीत, कंपायलर ताडतो. ही पद्धत रॉबिन मिल्नरनं १९७८ मध्ये मांडली. तिचं मूळ रॉजर हिंडलीनं १९६९ मध्येच तर्कशास्त्रात शोधलं होतं. म्हणून नाव जोडीचं: हिंडली-मिल्नर. रोजच्या कामात ती सुसाट. पण तिला दमवायचंय? ही घ्या युक्ती.

पहिलं फंक्शन: एक वस्तू घे, तिची जोडी दे. दुसरं: पहिलं दोनदा लाव. तिसरं: दुसरं दोनदा लाव. असंच सहाव्यापर्यंत. आता उत्तराचा टाइप लिहायला बसा. त्यात मूळ वस्तूचा टाइप किती वेळा येतो? २, ४, १६, २५६, ६५,५३६ आणि सहाव्या ओळीला ४,२९,४९,६७,२९६ वेळा! छापायला गेलात तर कागदाचे ट्रक मागवा. वाईटात वाईट प्रोग्रॅमला ही तपासणी घातांकी वेळ खाते, हे १९९० मध्ये सिद्धच झालं.

कंपायलर म्हणतो: दमलो, भावा!

अ‍ॅपलची स्विफ्ट पक्की फंक्शनल नाही, पण टाइप ताडायचं वेड तिलाही. तिथं '+' इतक्या टाइपांना लागू होतो की आकडे, प्लस, मायनसची लांबलचक साखळी दिलीत तर कंपायलर कधी कधी हात टेकतो. एरर चक्क सांगते: वाजवी वेळेत जमत नाही, जरा तुकडे करून द्या. तो बेरजेला घाबरत नाही बरं, कुठला प्लस निवडायचा यात अडकतो!

कॅल्क्युलस फुकट!

प्लस आणि गुणिले ओव्हरलोड करून डेरिव्हेटिव्ह काढता येतो, माहीत आहे का? आकड्याऐवजी जोडी ठेवा: किंमत आणि बदलाचा दर. बेरजेत दोन्ही मिळवा. गुणाकारात दरासाठी बारावीचा प्रॉडक्ट रूल. आता ३ च्या जागी (३, १) घाला आणि वर्ग करा. मिळतं (९, ६). तीनचा वर्ग नऊ, आणि वर्गाचा तीनपाशी दर सहा. 'वर्ग काढ' या फंक्शनच्या कोडला हातही लावला नाही! जोडीला नम क्लबाची मेंबरशिप दिली, बस्स.

देवनागरीला नो एंट्री?

हॅस्केलमध्ये टाइपचं नाव कॅपिटल अक्षरानं सुरू व्हायलाच हवं. आपल्या देवनागरीत कॅपिटल आहेच कुठं! त्याचा कंपायलर अशी अक्षरं सरसकट 'स्मॉल' धरतो. म्हणजे 'नगर' हे व्हेरिएबल चालेल, पण 'नगर' हा टाइप? रिजेक्ट! सुरुवातीला एक रोमन कॅपिटल चिकटवलं की मात्र मुकाट आत घेतो.

रॅपिड फायर!

तुमचं व्हॉट्सअ‍ॅप ज्या एर्लँग भाषेवर उभं राहिलं तिला टाइप आधी तपासायची सवय नव्हती. वॉडलर आणि सायमन मार्लो यांनी १९९७ मध्ये तिच्यासाठी टाइप सिस्टिम मांडून बघितली. २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनंच एर्लँगचा टाइप चेकर खुला केला. देर आये, दुरुस्त आये!

जावानं ऑपरेटर ओव्हरलोडिंगचं दार प्रोग्रॅमरला बंद ठेवलं, स्वतः मात्र स्ट्रिंगसाठी '+' वापरते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

रस्ट भाषेचा पहिला कंपायलर ओकॅमलमध्ये लिहिलेला होता. तिचे ट्रेट्स मात्र हॅस्केलच्या टाइप क्लासच्या वळणाचे. दोन्ही घरचा पाहुणा!

हॅस्केलच्या '>=>' या ऑपरेटरचं लाडकं नाव 'फिश'. जरा तिरकं बघा, मासा दिसेल.

२०२५ मध्ये एका पठ्ठ्यानं टाइपस्क्रिप्टच्या फक्त टाइप सिस्टिममध्ये डूम हा गेम चालवून दाखवला. टाइप चेकर बसला राक्षस मारत!

आता पार्टी निवडा

शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये पाटाकडील की शिवाजी तरुण मंडळ, हा वाद जितका मिटतो तितकाच हा. ओकॅमल गट म्हणतो, एका चिन्हाला एकच काम. एल्म या भाषेनं तर २०१८ च्या ०.१९ आवृत्तीत स्वतःचे ऑपरेटर बनवायची सोयच काढून टाकली. हॅस्केल गट म्हणतो, हवी तितकी कामं द्या, पण मेंबरशिप दाखवून.

आमचं मत? प्लसनं दहा धंदे करावेत, हरकत नाही. फक्त आत्ता कुठला चालू आहे ते प्रोग्रॅम सुटायच्या आधी कळलं पाहिजे. हॅस्केल फुकट आहे, आजच उतरवून घ्या आणि पहिलाच सवाल टाका: ट्रू अधिक ट्रू. तो डाफरेल. डाफरू द्या! त्याला गप्प करायचा उपाय तुम्हाला आता माहीत आहे.